आईंचा डावा हात

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना साथ केली. शब्दशः साथ. त्या पेटी वाजवायच्या. सांगलीत कीर्तन असो, भजनी मंडळ असो, कुणाच्या गाण्याच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम असो नाहीतर नाट्यगीतांची स्पर्धा असो, पेटीवर आई. लग्न होऊन मी त्या घरात गेले त्या वर्षी त्यांना पहिल्यांदा स्टेजवर बघितलं. गाणाऱ्या बाईंच्या बाजूला, जरा मागे सरकून बसलेल्या. नजर सारखी त्या बाईंच्या ओठांवर, उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. सूर आधी गळ्यातून निघायचा आणि अर्ध्या श्वासाने पेटीतून. टाळ्या पडल्या की आई भाता बंद करून खाली बघायच्या, जणू टाळ्यांशी त्यांचा काही संबंध नाही. घरी येताना मी म्हटलं, "आई, किती छान वाजवता तुम्ही!" तर म्हणाल्या, "गाणं छान झालं ना? मग झालं. पेटी कुणाच्या लक्षात राहिली तर समजायचं, काहीतरी चुकलं."

बाबा, म्हणजे माझे सासरे, गेले आणि त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही आईंना दुबईला घेऊन आलो. सामान आवरताना नवरा पेटीसाठी वेगळं लाकडी खोकं करून घेणार होता. आई म्हणाल्या, "कशाला? तिथे साथ करू कुणाला?" पेटी त्यांनी भजनी मंडळाला देऊन टाकली आणि दोन बॅगा घेऊन आल्या.

आमचं घर डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. दोन बेडरूम. एक आमची, दुसरीत लेक आणि आजी. नवऱ्याचं ऑफिस जवळ आहे. माझं हमरिया फ्री झोनमध्ये, म्हणजे शारजाच्याही पलीकडे. स्टीलच्या पाइपांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत मी शिपिंगची कागदपत्रं बघते. सकाळी लवकर निघायचं, संध्याकाळी ट्रॅफिकमधून कशीबशी परत यायचं. त्यामुळे आईंचा दिवस कसा जातो हे मला त्यांच्याकडूनच कळायचं. खाली बागेत फिरायला जायच्या, दिल्लीच्या आणि कराचीच्या आज्यांशी हिंदीत गप्पा मारायच्या, नातीसाठी थालीपीठ लावून ठेवायच्या. बोलायच्या, हसायच्यासुद्धा. पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. सांगलीच्या घरी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना त्यांचं गुणगुणणं सतत चालू असायचं. इथे आल्यापासून ते बंद झालं होतं.

लेक तेव्हा नववीत होती आणि लहानपणापासून पियानो शिकत होती. खरा पियानो नाही, हॉलमध्ये भिंतीला लावलेला डिजिटल. शनिवारी सकाळी तिचे सर यायचे. ते फिलिपिनो, पन्नाशी ओलांडलेले. देरात, म्हणजे जुन्या दुबईत, एका जुन्या हॉटेलच्या लॉबीत ते रोज संध्याकाळी पियानो वाजवायचे आणि सकाळी घरोघरी जाऊन मुलांना शिकवायचे. बाह्या दुमडलेला, कडक इस्त्रीचा शर्ट. दारात बूट काढून नीट जोडून ठेवायचे. आईंच्या हातचे पोहे त्यांना इतके आवडायचे की काही दिवसांनी आम्ही नाश्ता त्यांच्या वेळेला धरूनच करायला लागलो.

एका शनिवारी सरांनी लेकीला नवी चीज दिली. रॅगटाइम नावाचा एक प्रकार असतो, अमेरिकेतला, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा. बहुतेक रॅगटाइम उड्या मारणारा, खोडकर असतो म्हणे. ही चीज मात्र त्यातली सावकाश, उदास. सरांनी ती एकदा पूर्ण वाजवून दाखवली आणि मग लेकीला बसवलं. तिने दोन ओळी वाजवल्या आणि तोंड वाकडं केलं.

"सर, इट्स सो ओल्ड. अँड द हँड्स डोन्ट मॅच."

सर हसले. "दॅट इज द पॉइंट. लेफ्ट हँड इज गोइंग टू द ऑफिस, एव्हरी डे, ऑन टाइम. राइट हँड डझन्ट वॉन्ट टू गो."

मी सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत होते. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मेथीची जुडी हातात तशीच घेऊन त्या बाहेर आल्या आणि डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर बसल्या. लेक अडखळत वाजवत राहिली. थोड्या वेळाने आईंनी हात वर केला, जसा त्या तालमीत करायच्या.

"सर, फिर से. आप बजाओ."

सरांनी पुन्हा वाजवलं. डावा हात खाली एक जड सूर, मग वर दोन-तीन सूर एकदम, पुन्हा खाली, पुन्हा वर, असा एका चालीने चाललेला. उजवा हात त्याच्यावरून जायचा, पण बरोबर कधी पडायचा नाही. जरा आधी यायचा, नाहीतर जरा रेंगाळून. माझे गाण्यातले कान तसे कच्चे आहेत, तरी मलाही काहीतरी आत हलल्यासारखं झालं. मी आईंकडे बघितलं. डोळे मिटलेले, आणि मेथीच्या काडीने टेबलावर ठेका चाललेला.

वाजवून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "ह्यांना सांग, हा माणूस समेवर यायचं टाळतोय. सम त्याला माहिती आहे, डाव्या हातात धरूनच ठेवलीय. पण तिथे पोचलं की काहीतरी आठवेल म्हणून उजवा हात बाजूने जातोय."

मी मोडकंतोडकं इंग्रजी करून सांगितलं. सर स्टुलावर अर्धे वळून आईंकडे बघत राहिले. मग त्यांनी ती चीज कुठली, कशी, ते सांगितलं. ज्यांचे आईबाप गुलाम म्हणून विकले गेले होते अशा काळ्या वादकांनी हे संगीत उभं केलं. दारूच्या गुत्त्यात, नाचाच्या अड्ड्यांवर ते वाजायचं. लोक ते आवडीने ऐकायचे आणि प्रतिष्ठित घरांत त्याला नाकं मुरडायचे. आणि तरी त्यातल्या काहींनी बसून, एकेक सूर कागदावर उतरवून, इतक्या निगुतीने ह्या चिजा बांधल्या. आई ऐकत होत्या. म्हणाल्या, "आपल्या ढोलकी-तुणतुण्यासारखंच म्हणायचं. पाय हलवायला हवं, पण दिवाणखान्यात नको." आणि मेथी घेऊन आत गेल्या.

त्यानंतर दर शनिवारी त्या खुर्ची आधीच ओढून बसायला लागल्या.

लेक दहावीत गेली आणि तिने पियानो सोडायचं ठरवलं. रडारड नाही, भांडण नाही. अभ्यास आहे, बास्केटबॉल आहे, आणि तिला खरंच कंटाळा आला होता. "आय ॲम डन, आई," असं ती मला शांतपणे म्हणाली. नवरा सरांना फोन करून सांगणार इतक्यात आई म्हणाल्या, "अरे, त्यांना विचार, मला शिकवतील का."

"तुला काय?" नवऱ्याला वाटलं, जप किंवा योगासारखं काहीतरी.

"ती चीज."

नवरा हसला. वाईट हसू नव्हतं ते, कौतुकाचंच होतं, पण हसला. सर हसले नाहीत. पुढच्या शनिवारी ते नेहमीच्या वेळेला आले, पोहे खाल्ले, आणि स्टुलाची उंची कमी करून आईंना म्हणाले, "कम, आजी मॅम." 'आजी' हा शब्द त्यांनी लेकीच्या तोंडून उचलला होता आणि त्यापुढे मॅम लावल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं.

उजव्या हाताला काहीच अडचण आली नाही. सरांनी एक ओळ वाजवली की आई ती लगेच उचलायच्या. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या गळ्यातला सूर पकडण्यात गेलेलं, त्यांना कागद लागतच नव्हता. पाश्चात्त्य स्वरांची नावं विचारली की लेक खोलीतून ओरडून सांगायची, आणि आई त्याचं आपल्या सरगमीत करून टाकायच्या. सर बघतच राहायचे.

अडचण होती ती डाव्या हाताची. पेटीवर डाव्या हाताचं काम एकच, भाता मारायचा. इतक्या वर्षांत त्या हाताने एकही सूर वाजवला नव्हता. नाटकातल्या ऑर्गनला भाता पायाने चालतो, त्यामुळे ऑर्गनवाल्यांचे दोन्ही हात मोकळे असायचे. पण त्या ऑर्गनवर आईंना कुणी कधी बसवलं नव्हतं, बायकांच्या वाट्याला हातपेटी. आता पियानोवर उजवा हात सुरू झाला की डावा आपोआप उघडायला-मिटायला लागायचा, हवेतल्या भात्यावर. सरांनी तो हलकेच धरून पट्ट्यांवर ठेवला तरी तळवा दाबायचा, बोटं नाही. आई स्वतःच्याच हातावर चिडायच्या. "मूर्ख आहे हा. वर्षानुवर्षं हवा भरतोय, त्याला वाटतं तेवढंच आयुष्य."

आणि ते तीन सूर एकदम. आपल्याकडे एका वेळी एक सूर. आई सरांना विचारायच्या, "इसमें से सुनने का कौनसा?" सर म्हणायचे, "ऑल, आजी मॅम. ऑल टुगेदर." आई मान हलवायच्या, पटलेलं नसायचं.

आणखी एक गोष्ट त्यांना लागली. एकदा मी जवळ असताना त्यांनी एक पट्टी दाबून धरली आणि मला म्हणाल्या, "ऐक." सूर वाजला आणि विरत गेला. "पेटीचा सूर भात्याने धरून ठेवता येतो. हवा आहे तोवर तो तुझा. ह्याचा सूर लागला की तिथूनच संपायला लागतो. काही करता येत नाही. पुढचा वाजवायचा, एवढंच." त्या वेळी त्या पियानोबद्दलच बोलत होत्या आणि मीही तसंच ऐकलं.

घरभर तो डावा हात दिसायला लागला. ओट्यावर, कुकरची शिट्टी होईपर्यंत. जेवणाच्या टेबलाच्या कडेवर. इमारतीखालच्या बाकावर, स्वतःच्या मांडीवर. त्यांनी त्याला बोल लावले होते, "धूम-चक, धूम-चक", आणि तेच तोंडाने म्हणत त्या पोळ्या लाटायच्या. लेक कानात इयरफोन घालायची, पण एक दिवस मी तिला शाळेच्या बॅगेत वह्या भरताना "धूम-चक" म्हणताना ऐकलं.

दोन्ही हात एकत्र आणायला कित्येक आठवडे गेले. डावा येतोय असं वाटायचं, उजवा जाऊन बसला की कोसळायचा. आईंची खांदेदुखी वर आली. मी म्हटलं, "आई, जरा विश्रांती घ्या. कुठे परीक्षा द्यायचीय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अगं, मला कळत नव्हतं मला काय जमत नाहीये. आता कळलं. इथे तबलाही मीच आणि गाणारीही मीच. मी वाट बघते ना, गाणारी काय करेल ह्याची. आणि ती मीच असते." मग हसल्या. "सवय आहे मागून यायची. पण मागून आलेलं ह्या चिजेत चालतं. तेच तर हवंय. फक्त कुणाच्या मागून, ते आपलं आपण ठरवायचं."

त्याच सुमारास एका शुक्रवारी, अर्धा दिवस असल्याने, मी दुपारीच घरी आले. दार उघडलं तर आतून पियानो. मला वाटलं, सर आलेत की काय. बूट काढायचं विसरून मी पॅसेजमध्ये उभी राहिले. आई एकट्या होत्या. पहिला भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दोन्ही हात. सरांपेक्षा बराच सावकाश. डावा हात चालत होता, थोडा जड, पण चालत होता. आणि उजवा त्याच्या आगेमागे, कधी बिलगून, कधी सुटून. मला कुणीतरी दुपारच्या उन्हात रस्त्याच्या कडेने एकटं चालत असल्यासारखं वाटलं. घाई नाही. थांबणंही नाही.

वाजवून झालं, तशा त्या न वळताच म्हणाल्या, "आलीस? चहा टाकते."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.  "आई, फार सुंदर," एवढंच म्हटलं.

त्यांनी पियानोवर कापड टाकलं. "हे गेले ना," बाबांना त्या नेहमी 'हे' म्हणायच्या, "तेव्हा निम्मे लोक म्हणत होते, रडून घ्या. निम्मे म्हणत होते, आता रडू नका. मला दोन्ही जमेना. ही चीज ऐकली तेव्हा वाटलं, अरे, हा मनुष्य दोन्ही करतोय. रडतोय, आणि ठेका सोडत नाहीये." एवढं बोलून त्या चहा टाकायला उठल्या. बाबांबद्दल इतकं त्या दुबईत पहिल्यांदाच बोलल्या होत्या. चहा उकळत असताना मी ऐकलं, आतून, गॅससमोर, त्या गुणगुणत होत्या. तीच उजव्या हाताची ओळ.

हिवाळा लागला, बागेत बसण्याजोगी हवा झाली, आणि एका शनिवारी सर पोहे न खाता बसून राहिले. ज्या हॉटेलात ते वाजवायचे तिथलं नूतनीकरण सुरू होणार होतं. नव्या लॉबीत पियानोला जागा नव्हती. इथे नोकरी गेली की व्हिसाही गेला. दुसरीकडे बघता आलं असतं, पण सर म्हणाले की आता नको. गावी घर आहे, म्हातारी आई आहे, मुली मोठ्या झाल्या त्या फोनवरच. "गोइंग होम, फॉर गुड. खलास," असं म्हणून त्यांनी दोन्ही हात झटकले आणि हसले.

आईंनी पोह्यांची बशी त्यांच्याकडे सरकवली. मग विचारलं, "पियानो का क्या करेंगे?"

सरांना माहीत नव्हतं. विकतील बहुतेक. मग ते म्हणाले, अजून दोन आठवडे आहे तो तिथे. दुपारी लॉबी रिकामी असते. आजी मॅमनी एकदा खऱ्या पियानोवर वाजवायला हवं.

पुढच्या रविवारी आम्ही चौघंही गेलो, मेट्रोने. आईंनी मोरपंखी इरकल नेसली होती, स्टेजवर जाताना नेसायच्या ती. लेकीने स्वतःहून आजीची पर्स धरली होती. देरातलं ते हॉटेल एका गल्लीत होतं, आजूबाजूला सुटकेसची आणि कापडांची दुकानं. आत लाल गालिचा, पितळी कठडे, थोडी उतरलेली शान. चेक-आउट झालेले दोन आफ्रिकन व्यापारी दोरीने बांधलेल्या गाठोड्यांवर बसून टॅक्सीची वाट बघत होते. एक वयस्क सुदानी गृहस्थ पांढऱ्याशुभ्र पगडीत पेपर वाचत होते. कोपऱ्यात काळा, मोठा पियानो, झाकणावर कपबशीचे गोल डाग.

आई बसल्या. एक पट्टी दाबली आणि हात मागे घेतला. घरच्या डिजिटलपेक्षा पट्टी किती तरी जड होती. आणि आवाज समोरून न येता खालून, लाकडातून, अंगातून येत होता. त्यांनी पुन्हा दाबली. मग डाव्या हाताचा खालचा सूर. तो घुमला तशा त्यांच्या भुवया वर गेल्या.

सर सवयीने त्यांच्या उजवीकडे येऊन उभे राहिले. आई मला म्हणाल्या, "ह्यांना सांग, जवळ नका उभे राहू. मी त्यांच्या तोंडाकडे बघायला लागेन."

मी सांगितलं. सर मान डोलावून मागे, खांबापाशी गेले. आता आईंच्या नजरेसमोर कुणीच नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले. मग सुरू केलं.

पट्ट्या जड असल्यामुळे लय आणखीच उतरली. मला वाटलं, इतक्या सावकाशीत हे कोसळणार. कोसळलं नाही. उलट, त्या दोन हातांमधलं अंतर अधिक स्पष्ट दिसायला लागलं. डावा सूर पडायचा, आणि उजवा येईपर्यंतच्या त्या एवढ्याशा फटीत सगळी लॉबी थांबल्यासारखी व्हायची. दुसऱ्या आवर्तनात डावा हात चुकला. एक नाही, दोन-तीन ठोके पूर्ण गळाले. नवऱ्याने माझा दंड घट्ट धरला. पण उजवा हात थांबला नाही. खाली काहीच नसताना तो एकटा चालत राहिला, आणि डावा मागून येऊन त्याला मिळाला. सुदानी गृहस्थांनी पेपर खाली केला होता.

शेवटचा सूर विरेपर्यंत आईंनी हात उचलले नाहीत. "माशाल्ला," पेपरवाले गृहस्थ म्हणाले, मोठ्याने. गाठोड्यांवरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या, रिसेप्शनवरच्या मुलीनेही. ह्या वेळी आईंनी खाली बघितलं नाही. त्या वळल्या, हात जोडले, आणि चक्क लाजल्या.

मला वाटलं, आता निघायचं. पण आई स्टुलावरून उठून समोरच्या कोचावर जाऊन बसल्या आणि सरांना म्हणाल्या, "अब आप बजाओ. मैं सुनती."

सरांनी विचारलं, काय वाजवू?

"वही."

सर बसले आणि वाजवायला लागले. पहिल्याच वळणावर, जिथे उजवा हात सम चुकवून बाजूने जातो, तिथे आईंच्या तोंडून निघालं, "वा!" सरांचा खांदा दचकला. पुढे गेले. दुसऱ्या एका जागेवर, जिथे डाव्या हातातले सूर एकदम काळवंडतात, तिथे आई म्हणाल्या, "क्या बात है!" आणि मान अशी हलवली की साऱ्या लॉबीला कळावं. आपल्याकडच्या मैफिलीत हे रोजचंच. पण सर हॉटेलांतून वीसएक वर्षं वाजवत आले होते, लोकांच्या बोलण्यामागे, चमच्यांच्या आवाजामागे. वाजवणं चालू असताना, नेमक्या जागेवर, कुणी त्यांना अशी दाद कधी दिली नसावी. ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, आईंसाठी, थोडी वेगळी करून, आणखी रेंगाळून. आई कोचाच्या कडेवर पुढे सरकल्या. "हां! फिर से!" पुन्हा घेतली. आता आई हाताने ठेका धरत होत्या, सर मधूनच वळून त्यांच्याकडे बघत होते, आणि जिथे आई मान हलवतील तिथे थांबत होते. संपवायचं कुणालाच नव्हतं. लेक माझ्या कानात म्हणाली, "आई, ही इज प्लेइंग इट फॉर हर." मी म्हटलं, "हो."

चीज संपली. सर उठून आले आणि आईंसमोर वाकून उभे राहिले. डोळे लाल झाले होते. "ट्वेंटी इयर्स, आजी मॅम," एवढंच म्हणाले. आईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. सरांना त्याचा अर्थ आपल्याइतका माहीत नसेल, पण त्यांनी डोकं तसंच खाली ठेवलं. मग आम्ही सगळ्यांनी समोरच्या टपरीवर करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा घेतला, उभ्याउभ्याच, आणि त्यांना मेट्रोपर्यंत आमच्याबरोबर यायला लावलं.

सर मायदेशी परतले त्याला आता काही महिने झाले. गावच्या चर्चमध्ये वाजवतात, मुलांना शिकवतात. कधी कधी आईंना त्यांचा फोन येतो आणि दोघं हिंदी-इंग्रजी मिसळून बराच वेळ बोलतात. किती कळतं दोघांना, कुणास ठाऊक. आम्ही एक नवी टीचर बघितली होती. फार गोड मुलगी. तिने आईंना सोपी, आनंदी गाणी दिली, वयाकडे बघून. आईंनी दोन आठवडे ती मुकाट्याने वाजवली आणि मग मला म्हणाल्या, "हिला नाही म्हण बाई. ही मला खूश करायला बघतेय." त्या चिजेचा एक भाग सरांनी शिकवायचा राहिला होता. तो आई आता सरांचं रेकॉर्डिंग ऐकून एकट्याच बसवतायत. सकाळी, आम्ही सगळे बाहेर पडल्यावर.

पुढच्या महिन्यात त्या भाचीच्या लग्नासाठी दोन महिने सांगलीला जाणार आहेत. परवा त्यांनी तिकडच्या एका मैत्रिणीला फोन लावला होता. सांगलीत कुणाकडे पियानो आहे का, ह्याची चौकशी. एका जुन्या शाळेत आहे, असं कळलं. हेडमिस्ट्रेसबाईंशी बोलणंही झालंय, शाळा सुटल्यावर वाजवायला परवानगी मिळाली आहे. पियानो बऱ्याच वर्षांत कुणी उघडला नाही, त्यातल्या काही पट्ट्या वाजतच नाहीत म्हणे.

मी म्हटलं, "अहो आई, मग कसं वाजवणार?"

"फोन करून विचार गं बाईंना," आई म्हणाल्या, "नेमक्या कोणत्या वाजत नाहीत."